मदत हवी आहे: आईचा एमआरआय 'वयाप्रमाणे', मग पेट स्कॅन करावा का?

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. आई ७६ वर्षांची, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. दूधवाल्याचा हिशेब अजून तोंडी करते आणि तो चुकत नाही. पण गेल्या गणपतीपासून 'जेवलास का' हे पंधरा मिनिटांत तीनदा विचारते. मागच्या महिन्यात तलावपाळीवरून येताना गोखले रोडवर उभी राहिली, घर कुठल्या बाजूला तेच सुचेना. ओळखीच्या भाजीवालीने आणून सोडलं. त्यावर घरात बोलायचं नाही, अशी ताकीद आहे.

बी-१२ आणि थायरॉइड ठीक आले. मग एमआरआय. आई त्या नळकांड्यात शांत पडून होती, बाहेर घाम मला फुटला. रिपोर्टमध्ये मेंदू थोडा आकसलेला, एमटीए २, फाझेकस १, व्हेंट्रिकल्स (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) ठळक, आणि शेवटी 'वयाप्रमाणे'.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे. परदेशातला भाऊ रोज फोनवर 'पेट स्कॅन करून टाक' म्हणतो. एमआरआयमध्ये न दिसलेलं असं त्यात काय दिसतं? आणि एमटीए २ म्हणजे काळजीचं का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा. बदाम आणि काढे नकोत, ते मावशी पुरवतेय.

प्रतिसाद:
मी डॉक्टर नाही, सासऱ्यांच्या आजारपणात शिकले तेवढं लिहिते. एमटीए म्हणजे हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) आणि त्याच्या आसपासचा भाग किती आटलाय, त्याचे ० ते ४ गुण. पंचाहत्तरीनंतर २ सहसा वयाच्या खात्यात धरतात, साठीत तोच आकडा खटकला असता. फाझेकस १ म्हणजे पांढरे ठिपके तुरळक. साध्या पेटमध्ये मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय ते कळतं. अमायलॉइडचा, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा, पेट वेगळा, आणि अमायलॉइड तर ठणठणीत म्हाताऱ्यांतही सापडतं. त्यामुळे आधी ३० गुणांची स्मरणचाचणी होऊ दे. भावाला म्हणावं, दम धर.

पण व्हेंट्रिकल्स ठळक लिहिलंय ना? आईंची चाल बदललीय का? पाय जमिनीला चिकटल्यासारखे? लघवीची घाई? आमच्याकडे तेच निघालं, मेंदूत पाणी साचलेलं. कमरेतून थोडं पाणी काढून चाल सुधारते का ते बघितलं, मग शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, बसवली. तुमच्याकडे तसंच असेल असं नाही, पण यावर इलाज होऊ शकतो म्हणून विचारलं. आणि हो, नुसता रिपोर्टचा कागद नको, स्कॅनची सीडी न्या.

धागाकर्ता:
हे आम्हाला कोणीच विचारलं नव्हतं. वर्षभर पाय ओढत चालतेय, आम्ही सगळं गुडघ्यांवर ढकललं आणि दोनदा तेल बदललं. लघवीचं मला सांगायची नाही, बायकोला विचारायला लावतो. उद्या ती चालताना गुपचूप व्हिडिओ काढतो, आणि वेळ अलीकडची मिळते का ते सकाळीच फोन करून बघतो.