‘रेस’ म्हणजे ‘वंश’च का?

प्रश्न: स्थलांतरितांच्या कथांचा अनुवाद करताना ‘रेस’ला ‘वंश’ आणि ‘बिलाँगिंग’ला ‘आपलेपणा’ असं लिहिलं की वाक्य अवघडतं. दुसरं काय घ्यावं?

उत्तर १: ‘वंश’ म्हटलं की वंशावळ आठवते, वंशाचा दिवा आठवतो, म्हणजे घराणं. या कथांतली ‘रेस’ पुष्कळदा सरकारी अर्जातली चौकट असते, आणि ती सरकार आखतं. अमेरिकेच्या १९३० आणि १९४०च्या जनगणनेत ‘हिंदू’ ही रेस होती. शीखही त्यातच मोजले जात. १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख स्थलांतरिताला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वाला अपात्र ठरवलं. शास्त्राने ‘कॉकेशियन’ म्हटलं तरी सामान्य माणूस त्यांना गोरा समजत नाही, एवढ्या आधारावर! इथे ‘वंश’ घातलात तर वाचक रक्ताकडे बघतो, कायदा नजरेआड होतो. अर्ज-खटल्यात सरळ ‘रेस’ ठेवा, संवादात ‘गोरे-काळे’. ‘वर्णद्वेष’ रुळलेला आहे, पण सुटा ‘वर्ण’ नको, लगेच चातुर्वर्ण्य डोकावतं.

उत्तर २: ‘कलर्ड’चंही भान हवं. अमेरिकेत तो कृष्णवर्णीयांसाठीचा जुना, आता अपमानास्पद शब्द. दक्षिण आफ्रिकेत मात्र १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने केलेला वेगळा गट. तिथे ‘कृष्णवर्णीय’ लिहिणं साफ चूक.

उत्तर ३: ‘आपलेपणा’ माणसं माणसांना दाखवतात, तो प्रेमळ शब्द आहे. ‘बिलाँगिंग’ला नाम शोधूच नका, ‘चा-ची’, ‘ला-ली’ हे प्रत्यय वापरा: ‘ती तिथली झालीच नाही.’ ‘उपरा’ मोहात पाडतो, पण लक्ष्मण माने यांच्या त्याच नावाच्या आत्मकथनानंतर त्याला भटक्यांच्या जगण्याचं वजन आलंय. उपनगरातल्या डॉक्टरच्या मुलीला तो झेपत नाही. ‘परकी’ पुरे.

खरी अडचण एका साध्या प्रश्नाची आहे. इंग्रजीत ‘तुम्ही खरे कुठले?’ हा टोमणा वाटतो. मराठीत ‘मूळचे कुठले?’ हे रेल्वेच्या डब्यातलं संभाषण, पुढे ओळखीपाळखी निघतात. नुसतं तेच लिहिलं तर पात्र का चिडलं, ते कळत नाही. बोच दुसऱ्यांदा विचारण्यात आहे, म्हणून पहिलं उत्तर गाळू नका:

‘कुठल्या तुम्ही?’
‘इथलीच. ह्याच गावात जन्मले.’
‘ते झालं हो. पण मूळच्या?’

प्रश्नकर्ता: ‘ते झालं हो’मधला ‘हो’ जरा लाडिक नाही वाटत?

उत्तर ३: वाटतो, म्हणूनच ठेवलाय. विचारणाऱ्याला आपण काही वावगं विचारतोय, हे ठाऊकच नसतं.