एकच गाडी, रोजचा रस्ता आणि ट्रॅक : सस्पेन्शन कोणते घ्यावे?

घाटवाट :
फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय रोज हिंजवडीला न्यायची आणि वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पळवायची, अशी गरज असणाऱ्यांसाठी माझे मत मांडत आहे. कॉइलओव्हर (स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेला आणि आट्यांवरची कॉलर फिरवून उंची बदलता येणारा संच) घेऊ नयेत. गाडीची उंची आणि स्प्रिंगा कंपनीच्याच राहू द्याव्यात आणि सगळा पैसा शॉकअपवर खर्च करावा. बिलस्टाइन कंपनीच्या शॉकअपची बी६ मालिका मूळ उंचीच्या गाडीसाठी असते आणि बी८ ही खाली बसवलेल्या गाडीसाठी. मी पहिल्या प्रकाराबद्दल बोलतो आहे.

कारण असे की शॉकअपचा दांडा किती वेगाने आत-बाहेर होतो, यावर त्याचा प्रतिकार ठरतो आणि हा वेग म्हणजे गाडीचा वेग नव्हे. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी कलते किंवा ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाते, तेव्हा दांडा हळू सरकतो. खड्ड्याची कड लागते तेव्हा तो फटक्यासरशी आत जातो. चांगला शॉकअप हळू हालचालीला घट्ट धरतो आणि वेगवान धक्क्याला वाट करून देतो, म्हणूनच ट्रॅक आणि खड्डे या दोन्ही मागण्या एका मर्यादेपर्यंत त्याच नळीतून भागू शकतात. मूळच्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये सलग फेऱ्यांनंतर तेल तापते, त्यात वायू मिसळून फेस होतो आणि गाडी बोटीसारखी डुलू लागते. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन आणि तेल यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे ही अडचण बरीच टळते.

त्रिज्या :
शॉकअपचे विवेचन पटले, निष्कर्ष मात्र पटला नाही. लांब वळणात गाडी एकदा कलून स्थिरावली की दांडा हलत नाही आणि न हलणारा शॉकअप काहीच काम करत नाही. त्या क्षणी गाडी किती कलली, हे स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कल रोखणारा दांडा) ठरवतात. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा खांब हाच शॉकअप असतो. गाडी कलली की बाहेरचे चाक रस्त्याच्या हिशेबाने बाहेर झुकते आणि टायरची बाहेरची कड भरडली जाते. ट्रॅकवरून आल्यावर टायरच्या बाजूवरचा छोटा त्रिकोण पाहावा. घासल्याची खूण त्या त्रिकोणाच्या खालपर्यंत उतरली असेल, तर रबर ज्या भागावर चालायला हवे तिथे ते चालत नाही, असे खुशाल समजावे. (हवा कमी असली तरी असे होते, म्हणून आधी दाब तपासावा.)

यावर उपाय म्हणजे थोड्या कडक स्प्रिंगा आणि कँबर प्लेट, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकण्याचा कोन (कँबर) बदलू देणारी स्ट्रटच्या डोक्यावरची प्लेट. कडकपणाची भीती अकारण आहे. स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी गाडीच्या वर-खाली होण्याची वारंवारता साधारण ४१ टक्केच वाढते, कारण ती कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. ३० टक्के कडक स्प्रिंगेने ती जेमतेम १४ टक्के वाढेल. केडब्ल्यू कंपनीच्या व्हेरिएंट ३ सारख्या कॉइलओव्हरमध्ये दाबताना आणि सुटताना होणारा प्रतिकार वेगवेगळा जुळवता येतो. शिवाय कॉइलओव्हर म्हणजे गाडी जमिनीला टेकवलीच पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

घाटवाट :
नियम नाही, पण आपल्याकडे कॉइलओव्हर घेणारा चाक आणि मडगार्ड यांमधली फट बुजवूनच गॅरेजमधून बाहेर पडतो! मॅकफर्सनची गाडी फार खाली बसवली की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जाते, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. कमी कलावी म्हणून खाली केलेली गाडी त्यामुळे अधिक कलू पाहते आणि तो कल रोखण्यासाठी आणखी कडक स्प्रिंग लागते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार स्पीडब्रेकर १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तसा असेल तर पोट घासणार नाही. सोसायटीच्या दारात रातोरात उभा राहणारा डांबराचा उंचवटा मात्र कोणतेही प्रमाण पाळत नाही. माझ्या दृष्टीने म्हणूनच स्प्रिंगेच्या कडकपणापेक्षा तिचा उरलेला प्रवास महत्त्वाचा आहे. शॉकअपच्या दांड्यावर एक झिप-टाय बांधून खाली सरकवावी, चार माणसे बसवून नेहमीच्या रस्त्याने जाऊन यावे आणि ती कुठवर ढकलली गेली ते पाहावे. रोजच ती बंपस्टॉपला (दांड्याचा प्रवास संपतो तिथल्या रबरी अडथळ्याला) भिडत असेल, तर गाडी आणखी खाली करण्यास जागाच उरलेली नाही.

आणखी एक मुद्दा म्हणजे आपला पाऊस. कॉइलओव्हरच्या आट्यांमध्ये चिखल आणि गंज बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर ज्या कॉलरसाठी एवढे पैसे मोजले, ती पान्याला दाद देत नाही.

मागचा दांडा :
दोघेही पुढच्या चाकांवरच अडकला आहात. पोलो पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आहे आणि वळणात टायरच्या पकडीच्या मर्यादेवर ती नाक बाहेर काढते. मागे अँटी-रोल बार लावला तर हा दोष कमी होतो आणि खर्चही कॉइलओव्हरच्या मानाने बराच कमी येतो.

घाटवाट :
कोरड्या ट्रॅकवर मान्य. वरंध घाटात जुलैच्या पावसात त्या बारमुळे मागची चाके लवकर सुटणारी गाडी घरातल्या इतरांच्या हाती मी देणार नाही.

कलम बावन्न :
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ लावला आहे. शॉकअपचा उल्लेख प्रमाणपत्रात नसतो हे खरे, तरी विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय काहीही बदलू नये, असे माझे मत आहे. नियमित विमा पॉलिसी ट्रॅकवरील वेगाच्या चाचण्यांसाठी सहसा लागूच होत नाही, हा भाग वेगळा.

त्रिज्या :
विम्याचा मुद्दा रास्त आहे, उंचीचाही मी मान्य करतो. कँबरबद्दल मात्र माघार नाही. पुण्याहून कोईमतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि गाडी स्वतःच्या चाकांवर जाणार असेल, तर अडीच अंश निगेटिव्ह कँबर (चाकाचा माथा आत झुकलेला) ठेवून तिथवर जाणे टायरच्या आतल्या कडेला महाग पडेल. म्हणून कँबर प्लेट हवी : जाताना एक अंशाच्या आसपास आणि ट्रॅकवर पोहोचल्यावर अडीच. कँबरसोबत टो, म्हणजे वरून पाहता चाके किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोनही बदलतो, तेव्हा तोही पुन्हा जुळवावा लागेल. तेवढा अर्धा तास काढावाच.

आपण बी६ घेतलेत तरी कंपनीच्या स्प्रिंगांवर पहिला ट्रॅक-दिवस करून टायरच्या बाहेरच्या कडेचे फोटो येथे टाकावेत. खूण त्रिकोणाच्या वरच राहिली, तर स्प्रिंगांबद्दलचा माझा आग्रह मी सोडेन.

घाटवाट :
टाकतो. झिप-टायचाही फोटो सोबत टाकतो.