रिअ‍ॅक्शन आली की संशय कुणावर? औषधावर की लॉटवर (एका खेपेत बनलेल्या मालावर, म्हणजे बॅचवर)?

केसपेपर (धागाकर्ता):
काळा आजार (वाळूमाशी चावून होणारा, लांबणाऱ्या तापाचा आजार) बरा झाल्यावर काहींच्या चेहऱ्यावर पांढरट डाग उठतात, पुढे गाठी येतात. परजीवी तोच, लेश्मानिया. मुक्काम आता कातडीत. ताप नाही, भूक चांगली, शेतात राबणारा धडधाकट माणूस. बिहारमध्ये अशांना पूर्वी सोडियम स्टिबोग्लुकोनेट, म्हणजे अँटिमनीची इंजेक्शनं, १२० दिवसांपर्यंत देत. किलोमागे २० मिलिग्रॅम. ५० किलोच्या माणसाला रोज १० मिली, तेही बहुधा कुल्ल्यात. इतके दिवस टोचायचं असेल तर एक खराब लॉट केवढ्याला पडेल!

आणि तसं घडलंय. काळ्या आजाराच्या रुग्णांत एकाएकी हृदयाचे गंभीर त्रास दिसू लागले, आणि शोध घेता एका लॉटपर्यंत माग लागला. त्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, भलतीच जास्त होती. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे छापलं. माझं मत असं: रिअ‍ॅक्शन आली की आधी लॉट तपासा, मग औषधाला दोष द्या. 'पेशंटलाच सोसलं नाही' हे अगदी शेवटी. आपल्याकडे सुरुवातच तिथून होते.

उंबरठा:
असहमत. अँटिमनी मुळातच विषारी. शुद्ध औषधानंही ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी) लांबतो, स्वादुपिंड सुजतं, सांधे धरतात. आता याच डागांवर मिल्टेफोसिनच्या गोळ्या १२ आठवडे देतात, तर चांगल्या गोळ्यांनीही काहींचे डोळे बिघडले. लॉटवर ढकललं की औषध सुटलं! शिवाय ऑस्मोलॅरिटी वाढली म्हणजे भेसळ झाली असं नव्हे.

केसपेपर:
भेसळ मी म्हटलंच नाही. पण दोष औषधाचाच असता तर त्रास सगळ्या लॉटांत विखुरलेला दिसला असता. एकाच लॉटच्या लोकांत इतका दाटून का?

खलबत्ता:
माझं औषधाचं दुकान आहे. लॉट तपासा म्हणणं सोपं, पण लॉट लिहितो कोण? बिलावर बॅच नंबर येतो, केसपेपरवर मात्र 'इंज. दिले' एवढंच.
घरचीच गोष्ट. खरजेच्या मलमानं आईच्या मानेवर फोड आले. कंपनीला फोन केला तर पहिला प्रश्न, बॅच नंबर? तो ट्यूबच्या दुमडलेल्या कडेवर ठसलेला असतो. आईनं उरलंसुरलं मलम काढायला नेमकी तीच कड कात्रीनं कापून टाकलेली. तक्रार तिथंच संपली. (आईचं म्हणणं, मलम महाग होतं.)

सावली:
मी गावपातळीवर काम करते, म्हणून दुसरी बाजू. 'औषध खराब निघालं' हे एकदा पसरलं की चांगला लॉटही कुणी टोचून घेत नाही. डागवाला माणूस आधीच उपचाराला तयार नसतो, कारण त्याला काही दुखतच नसतं. तो तसाच राहिला की वाळूमाशी त्याला चावून परजीवी पुढच्या घरी नेते. तपासा जरूर, पण बोभाटा नको.

केसपेपर:
ताई, बोभाट्याशिवाय हलतं का काही? १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, १४ जण गेले. लेंटिन चौकशी आयोग बसला म्हणून खरेदीतली आणि एफडीएतली (औषध प्रशासनातली) घाण बाहेर आली, आरोग्यमंत्री भाई सावंतांचं मंत्रिपद गेलं.

सावली:
तिथं माणसं मेल्यावर बोभाटा झाला. मी त्याआधीचं बोलतेय, नुसता संशय असतानाचं.

उंबरठा:
आणि निव्वळ रिअ‍ॅक्शनवर डोळा ठेवून तरी काय कळणार? बांगलादेशात २००८ च्या सुमारास सरकारी कार्यक्रमातल्या कॅप्सूलमध्ये मिल्टेफोसिन नव्हतंच. गुण येईना म्हणून ते उघडकीस आलं. तिथं रिअ‍ॅक्शनची वाट बघत बसला असतात तर?

केसपेपर:
हा मुद्दा मान्य. म्हणजे गुण आला नाही तरी लॉट बघायचा. माझी यादी वाढली, क्रम तोच!

खलबत्ता:
हल्ली गिऱ्हाइकाला सांगतो, ट्यूब तोंडाकडूनच दाबा, कड कापू नका. कालच एक आजोबा म्हणाले, "मग शेवटचं मलम तुम्ही काढून देणार का?"