उतारवयात माणूस खरोखरच अधिक समाधानी असतो का?

औदुंबर:
स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांच्या गटाने १८ ते ९४ वर्षे वयाच्या माणसांना पेजर दिले, आठवडाभर दिवसातून पाच वेळा ते वाजवले आणि त्या त्या क्षणी राग, दुःख, आनंद यांपैकी काय किती वाटते आहे हे नोंदवून घेतले. पाच व दहा वर्षांनी त्याच माणसांकडून पुन्हा तशाच नोंदी घेतल्या. वयाबरोबर भावनिक स्वास्थ्य सुधारते, असा त्यांचा २०११ मधील निष्कर्ष आहे. उरलेला काळ थोडा आहे हे उमगले की माणूस नव्या ओळखींपेक्षा मोजक्या जिव्हाळ्याच्या माणसांत रमतो, हे त्यांचे स्पष्टीकरण मला पटते. तेव्हा ज्येष्ठांना हास्यक्लबात आणि सहलींत ओढत नेण्याचा आपला अट्टाहास अनाठायी आहे.

केतकी_प:
निष्कर्ष मान्य, त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ मान्य नाही. गोतावळा आपण होऊन आटोपता घेणे वेगळे आणि तो आटत जाणे वेगळे. आमच्या शेजारच्या आजी गाव सोडून लेकीकडे राहायला आल्या. त्यांच्या खोलीतल्या कॅलेंडरच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत फोन नंबर लिहिलेले आहेत आणि त्यांतले निम्मे खोडलेले आहेत. अशा बाईला 'मोजक्या माणसांत रमा' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय मानसशास्त्रज्ञ सुझन चार्ल्स यांची मांडणी अशी की, वयाने येणारा शहाणपणा ताण टाळता येतो तोवर कामी येतो; अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची वर्षानुवर्षे शुश्रूषा करावी लागली, की तो पुरा पडत नाही.

औदुंबर:
ताण टळत नसतानाचाही पुरावा आहे. एप्रिल २०२० मध्ये, करोनाचा धोका ज्येष्ठांनाच अधिक असताना, कार्स्टन्सन यांनी ९४५ अमेरिकन लोकांची पाहणी केली. तेव्हाही वयस्कर मंडळी तरुणांपेक्षा मनाने बरी आढळली.

अनुस्वार:
त्या पाहणीत ७६ वर्षांपुढचे कोणीच नव्हते, आणि परस्वाधीनता बहुधा त्यानंतरच येते. दुसरे असे की, २०११ च्याच अभ्यासात समाधानी माणसे अधिक जगल्याचेही दिसले होते. म्हणजे कुढणारे आधीच गळाले असतील, तर मागे उरलेल्यांची सरासरी चांगली दिसणारच. त्याच माणसांचा पाठपुरावा केल्याने हा आक्षेप सौम्य होतो. पूर्ण मिटत नाही. हास्यक्लबाचे म्हणाल, तर तिथे कोणी ओढत नेलेले मला तरी दिसत नाही; सकाळी सहाला मंडळी स्वतःहून फाटकाशी उभी असतात.