‘फुरित्सुके’ : नृत्यदिग्दर्शन, नृत्यरचना की ‘नाच बसवणे’?

शब्दवेध : गेन होशिनो या जपानी गायकाच्या ‘कोइ’ या गाण्यावर मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. हे सिंगल ५ ऑक्टोबर २०१६ रोजी आले. त्याच महिन्यात टीबीएस या जपानी वाहिनीवर सुरू झालेल्या मालिकेच्या शेवटी, श्रेयनामावली सरकत असताना, होशिनो आणि अभिनेत्री युइ आरागाकी यांच्यासह कलाकार त्यावर नाचत असत आणि त्यातूनच ‘कोइ दान्सु’ (‘दान्सु’ म्हणजे इंग्रजी ‘डान्स’) देशभर पसरला. जपानमधील तेव्हाच्या अमेरिकी राजदूत कॅरोलाइन केनेडी यांनीही दूतावासातील सहकाऱ्यांसह तो करून दाखवला होता. गाण्याचा नाच मिकिको यांचा. त्यांच्या कामाला जपानीत ‘फुरित्सुके’ म्हणतात. मी ‘नृत्यदिग्दर्शन’ लिहिले होते, संपादकांनी ते खोडून ‘नृत्यरचना’ केले. योग्य काय?

गोमती : संपादकांचे बरोबर आहे. ‘नृत्यदिग्दर्शन’ हा शब्द चित्रपटांच्या श्रेयनामावलीतून आपल्याकडे रुळला आणि त्यात नर्तकांसमोर उभे राहून सूचना देणारी व्यक्ती गृहीत धरलेली असते. या गाण्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीने चाहत्यांना नव्वद सेकंदांपर्यंतचे आपले नाचाचे व्हिडिओ काही काळ टाकू दिले होते. घराघरांत नाचणाऱ्या त्या लोकांना दिग्दर्शक कुठे होता? त्यांच्यापर्यंत पोहोचली ती रचनाच.

सह्याद्रीकाठ : दोन्ही शब्द पुस्तकी आहेत. ‘फुरि’ म्हणजे हालचाल, हावभाव. लांब झुलत्या बाह्यांच्या किमोनोला ‘फुरिसोदे’ म्हणतात त्यातला ‘फुरि’ही हाच. ‘त्सुके’ हे ‘त्सुकेरु’पासून आले आहे, म्हणजे लावणे, जोडणे. आपण कवितेला चाल लावतो, तशी ही गाण्याला हालचाल लावणे झाली, इतका सरळ जुळणारा प्रयोग हाताशी असताना संस्कृतकडे धावण्याचे कारण मला कळत नाही. आमच्या गावी लेझीम बसवणारे गुरुजी होते आणि त्यांना कोणी ‘लेझीमरचनाकार’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. ‘नाच बसवला : मिकिको’ असे लिहावे.

गोमती : ‘बसवणे’ म्हणजे तालीम देऊन तयार करून घेणे. दुसऱ्याने लिहिलेले नाटकही दिग्दर्शक ‘बसवतो’. उद्या एखाद्या शिक्षिकेने स्नेहसंमेलनासाठी मुलांकडून हाच नाच करून घेतला, तर तिनेही तो ‘बसवला’ असेच आपण म्हणू. मग मूळ कल्पना जिची, तिच्यात आणि या शिक्षिकेत फरक कोणत्या शब्दाने दाखवायचा? शिवाय माझ्या आजीच्या तोंडी ‘नाच’ हा शब्द तमाशापुरताच होता. घरातील मुलगी शिकते ते नृत्य, असे ती बजावून सांगत असे.

जुनीपोथी : आजींचा मान राखून सांगतो की ‘नाच’ हे ‘नृत्य’ शब्दाचेच प्राकृतातील ‘णच्च’ या रूपावाटे आलेले वंशज आहे. एकाच घराण्यातील दोन शब्दांपैकी एक सोवळा आणि दुसरा ओवळा, हा भेद व्युत्पत्तीने केलेला नसून समाजाने केलेला आहे. जपानीतही असे थर आहेत. ‘माइ’ म्हणजे संथ, घोळत जाणारे नृत्य आणि ‘ओदोरि’ म्हणजे ठेका धरून, पावले उचलून केलेले नृत्य. या दोन्हींची चित्राक्षरे जोडून झालेला ‘बुयो’ हा विद्वत्तापूर्ण शब्द मेइजी काळात (१८६८-१९१२) लेखक-समीक्षक त्सुबोउचि शोयो यांच्या लेखनामुळे रूढ झाला. तरीही या गाण्याच्या नाचाला तिथल्या लोकांनी ‘बुयो’ म्हटले नाही, ‘दान्सु’ म्हटले. लोक परका शब्द इतक्या सहज घेत असतील, तर आपण ‘कोरिओग्राफी’ लिहिण्यास का कचरतो?

सह्याद्रीकाठ : कारण मराठीत क्रियापद जिवंत आहे! शिवाय पारंपरिक जपानी नृत्यात माइ आणि ओदोरि यांच्या जोडीने ‘फुरि’ हे तिसरे अंग मानतात, ते अर्थ दाखवणाऱ्या हावभावांचे. बैठकीच्या लावणीत बसल्या जागी हात, डोळे आणि मान यांनी जी अदा केली जाते, तिच्याशी मला त्याचे नाते वाटते. आणि ‘लावणी’ हा शब्दही ‘लावणे’ यावरूनच आला असावा, असे माझे मत आहे. शब्द लावले, चाल लावली, अदा लावली!

गोमती : ‘लावण्य’पासून ‘लावणी’ आली असे मानणारेही आहेत, त्यामुळे एका वादग्रस्त व्युत्पत्तीवर दुसरा शब्द उभा करू नये. अदेची तुलना मात्र मला पटत नाही. बैठकीच्या लावणीत तीच ओळ पुन्हा घेताना कलावती दर वेळी नवी अदा सुचवते आणि तिचे कौशल्य त्या उत्स्फूर्ततेत असते. ‘कोइ’च्या म्युझिक व्हिडिओत होशिनो आणि त्यांच्यासोबतच्या नर्तकी द्रुत लयीत ठरलेली हालचाल ठरलेल्या मात्रेवर करतात आणि ती तशीच्या तशी शिकता येते, म्हणूनच ती पसरली.

शब्दवेध : मग ‘फुरि’ला ‘अदा’ म्हणायचे की ‘हावभाव’? लेखात तो शब्दही तीन ठिकाणी आला आहे.

जुनीपोथी : ‘हावभाव’ मुळीच नको. त्यातील ‘हाव’ शृंगाराशी बांधलेला आहे, ‘अंगविक्षेप’ पाहा.

सह्याद्रीकाठ : ‘अंगविक्षेप’ हा शब्द आज केवळ निंदेसाठी उरला आहे. माझा पाठिंबा ‘हातवारे’ या शब्दाला.