बादलीभर माती, मूठभर खडे: तुमचेही अनुभव सांगा

शार्लटकरीण (धागाकर्ती)

मंडळी, परवा कपाटाचा खण आवरताना एक पिशवी हाती लागली. आत मूठभर जांभळट-लाल खडे. नवरा म्हणाला, "टाक की, दगड आहेत." टाकवेनात. म्हणून हा धागा.

ते खडे फ्रँकलिनचे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम टोकाला डोंगरात हे छोटं गाव आहे. शेजारच्या काउई खोऱ्यातल्या ओढ्यांच्या गाळात माणकं मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कंपन्यांनी तिथे येऊन भरपूर खणून पाहिलं. गाळात माणकं मिळाली, पण ती कुठल्या खडकातून वाहत येतात ते काही सापडेना, तेव्हा त्या गाशा गुंडाळून निघून गेल्या. आता तिथे आपल्यासारखे लोक सुट्टीत बादल्या विकत घेतात. पत्र्याच्या शेडखाली लांबच लांब लाकडी पन्हळ, तिच्यातून वाहणारं गार पाणी, दोन्ही बाजूंना बाकं. बादलीतली माती चौकोनी चाळणीत ओतायची, पन्हळीत धरून हलवायची, चिखल वाहून गेला की उरलेलं निवडत बसायचं.

आमच्याकडे तेव्हा सासूबाई आल्या होत्या, राजापूरच्या. मुलं चाळणी गदागदा हलवून अर्धे खडे पाण्यात घालवत होती. आई दहा मिनिटं गप्प बसून बघत होत्या. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "अगो, हे रोळणं आहे. आण इकडे." त्यांनी तांदूळ रोवळीत रोळतात तशी ती चाळणी पाण्यात गोल फिरवली, मध्येच एक हलका झटका. जड खडे तळाला, हलके वर. आयुष्यभर तांदळातले खडे काढून टाकले, आता खड्यांतली माती काढून टाकायची, एवढाच काय तो फरक! शेजारच्या बाकावरचे दोन अमेरिकन आजोबा आपली चाळणी सोडून आईंचे हात बघत बसले.

मिळालं काय? बरेचसे गार्नेट, त्यातले काही ऱ्होडोलाइट, म्हणजे गुलाबी-जांभळ्या झाकेचे. या प्रकाराचं वर्णन जगात पहिल्यांदा याच काउई खोऱ्यातल्या खड्यांवरून झालं. आणि एक माणिक, मसुराच्या डाळीएवढं, अपारदर्शक. दागिन्याच्या दृष्टीने किंमत शून्य.

तर सांगा: कुठे गेलात, कोणाबरोबर, आणि मुख्य म्हणजे ते दगड आज कुठे आहेत?

डॅलसवाला

आम्ही आर्कान्साच्या मर्फ्रीसबरोला गेलो होतो. क्रेटर ऑफ डायमंड्स हे सरकारी उद्यान आहे. ३७ एकरांचं नांगरलेलं शेत, त्यात हिरे. सापडला तर तुमचा, सरकार काही मागत नाही. १९०६ मध्ये जॉन हडलस्टन नावाच्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीत पहिले हिरे सापडले. अमेरिकेत आजवर सापडलेला सगळ्यात मोठा हिरा इथलाच, १९२४ चा, ४०.२३ कॅरेटचा 'अंकल सॅम'. उद्यान १९७२ पासून आहे.

हे सगळं मी गाडीत साडेतीन तास पोरांना ऐकवलं. चूक केली. धाकटा उतरल्या उतरल्या म्हणाला, "बाबा, हिरा कुठेय?"

रोज सरासरी एखाद-दुसरा हिरा मिळतो, तोही शेतात आलेल्या सगळ्यांत मिळून. बहुतेक काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढे. पांढरे, तपकिरी, पिवळे. तिथल्या माणसाने एक युक्ती सांगितली: हिऱ्याला चिखल चिकटत नाही, तेलाचं बोट लावल्यासारखा तो तुकतुकीत दिसतो. म्हणून पाऊस पडून गेला आणि ऊन आलं की अनुभवी लोक काही खणत नाहीत, नुसते मान खाली घालून चालतात. आम्ही जुलैत गेलो. पाऊस नाही, सावली नाही, वर आर्कान्साचं ऊन. दोन तासांत बायको पोरांना घेऊन तिथल्या पाण्याच्या घसरगुंड्यांकडे गेली. मी एकटा सहा तास चाळत बसलो. हट्टाला पेटलो होतो, दुसरं काय.

शेवटी ओळख पटवायच्या खिडकीवर (हे फुकट करून देतात) माझा ऐवज पसरला. बाईंनी एकेक उचलून सांगितलं: जॅस्पर, कॅल्साइट, क्वार्ट्झ, क्वार्ट्झ, बाटलीची काच. काच हाच माझा सगळ्यात चमकदार खडा होता.

दगड कुठे आहेत? जॅस्पर धाकट्याच्या फिशटँकमध्ये. काच मी ठेवलीय.

खरं_बोलतो

रसभंग करतो, माफ करा. या बादल्यांतले बहुतेक खडे मालकांनी वरून टाकलेले असतात. घाऊक बाजारातून स्वस्त कच्चा माल पोत्याने आणायचा आणि मातीत मिसळायचा. आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो (नाव घेत नाही). माझे वडील भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. एक लालसर षट्कोनी खडा त्यांनी उचलला, चष्मा वर करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "हा आपल्या मैसूरकडचा दिसतोय रे." म्हणजे सोळा तास विमानात बसून, वर पैसे मोजून, आपल्या शेजारच्या राज्यातला दगड शोधायचा!

वर तिथल्या दुकानदाराने तोच खडा पैलू पाडून पेंडंटमध्ये बसवून द्यायचा आग्रह धरला. बादलीच्या चौपट पैसे सांगितले. वडील 'नो थँक्यू' म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले तो सुर मला दहावीच्या निकालापासून ओळखीचा आहे.

शार्लटकरीण (धागाकर्ती)

@खरं_बोलतो, रसभंग कसला, हे सांगायलाच हवं होतं. दोन तऱ्हा असतात. एक 'सॉल्टेड' किंवा 'एनरिच्ड', म्हणजे वरून घातलेल्या. दुसरी 'नेटिव्ह', जिथे त्याच जागची माती, काही न मिसळता. फ्रँकलिनला दोन्ही आहेत. आधी फोन करून सरळ विचारा, बहुतेक जण खरं सांगतात. माझं मत विचाराल तर पाच वर्षांच्या आतलं पोर असेल तर सॉल्टेड बादली घ्या. त्याला प्रत्येक चाळणीत काहीतरी निघायला हवं असतं. जत्रेत पाळण्यात बसवतो तसं समजा. मोठ्यांनी मात्र नेटिव्हच घ्यावी. मूठभर कमी मिळेल, पण "हा इथला आहे" असं म्हणता येतं. आमच्या आईंनी मसुराएवढ्या माणकाचं जे कौतुक केलं ते पोत्यातून आलेल्या खड्याचं झालं नसतं.

सिअ‍ॅटलची_सून

यलोस्टोनला गाडीने जाताना वाटेत माँटानातल्या फिलिप्सबर्गला थांबलो होतो. तिथे नीलमांच्या खडीच्या बादल्या मिळतात. आई-बाबा (माझे सासू-सासरे) बरोबर होते. आई ज्योतिषाच्या पक्क्या. "नीलम? शनीचा खडा! पत्रिका न दाखवता हातसुद्धा लावायचा नाही." त्या दूर बाकावर पाठ करून बसल्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत.

इथली रीत जरा वेगळी. चाळणी पाण्यात वर-खाली हापसत राहायची. नीलम क्वार्ट्झच्या जवळजवळ दीडपट जड, त्यामुळे तो हळूहळू तळाशी, मधोमध गोळा होतो. मग अख्खी चाळणी एका झटक्यात टेबलावर पालथी घालायची. तळ वर येतो आणि बरोबर मध्यावर खडे. धिरडं उलटायचंच कसब! मी पहिल्यांदा अर्धं धिरडं टेबलाखाली सांडलं. दुसऱ्यांदा जमलं.

आमचे निघाले फिके: पाणचट निळे, हिरवट, एक छान पिवळसर. भट्टीत तापवल्यावर काहींचा रंग खुलतो म्हणे, ती सोय तिथेच होती. सासरे पिवळा खडा घेऊन आईंकडे गेले. "हा निळा कुठाय? पिवळा आहे. म्हणजे पुष्कराज. गुरूचा." आईंनी पाच मिनिटं विचार केला. मग हात पुढे केला.

आता गंमत बघा. माणिक, नीलम आणि हा पिवळा पुष्कराज रसायनशास्त्रात एकच: कुरुंद. आपल्या आजोबांच्या धार लावायच्या दगडातला तोच तो कुरुंद! त्यात थोडं क्रोमियम गेलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम गेलं की नीलम. सूर्य, शनी आणि गुरू एकाच घरातले निघाले. हे मी आईंना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. खडा सध्या डोंबिवलीत देवघरात आहे.

जर्सीचा_काका

हर्किमरला (न्यूयॉर्क राज्य) जाणार असाल तर एवढंच: तिथे धुणंबिणं नाही, हातोडा आहे. पन्नास कोटी वर्षांच्या डोलोमाइट खडकातल्या पोकळ्यांत दोन्ही टोकांना आपसूक टोकदार झालेले क्वार्ट्झचे स्फटिक. नाव 'हर्किमर डायमंड', हिरा नव्हे. गॉगल घाला, छिलके डोळ्यात उडतात. माझा अंगठा तीन आठवडे काळानिळा होता. मुलीला एक स्फटिक मिळाला, पाण्यासारखा स्वच्छ. तिने तो मैत्रिणीला देऊन टाकला. विषय संपला.

ब्रिस्बेनकर

आमच्याकडे याला फॉसिकिंग म्हणतात. क्वीन्सलँडचं रत्नक्षेत्र, म्हणजे सफायर, रुबीव्हेल, अनाकी (गावांची नावंच ही), ब्रिस्बेनपासून सुमारे ९०० किलोमीटर. स्वतः खणायचं तर परवाना लागतो, कुटुंबाचा एकत्र मिळतो. इथल्या खडीला 'वॉश' म्हणतात. थंडीत म्हणजे जून-जुलैत जा. उन्हाळ्यात माश्या आणि उष्णता दोन्ही जीव खातात.

लेकाला मिळालेला खडा मी "काळा आहे, टाक" म्हणालो. शेजारच्या तंबूतल्या आजीबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, सूर्यासमोर धरला आणि कडेने गडद निळा उजेड फुटला. इथले नीलम असेच, आडवे पाहिले तर कोळसा. मग त्यांनी गोष्ट सांगितली. १९३० च्या दशकात इथल्याच एका मुलाला मोठा काळा दगड मिळाला आणि तो म्हणे कितीतरी वर्षं घराच्या दाराला अडसर म्हणून पडून होता. पुढे कळलं की तो ७३३ कॅरेटचा तारांकित (उजेडात ताऱ्यासारखी चमक दाखवणारा) नीलम आहे, 'ब्लॅक स्टार ऑफ क्वीन्सलँड'. तेव्हापासून आमच्या घरातला एकही दगड टाकायची मुभा मला नाही. गराजमध्ये चार बादल्या आहेत.

नागपूरचा_भटक्या

मी सुट्टीत गेलो होतो खजुराहोला, तिथून पन्न्याला. वाघ पाहायचा होता. नाव पन्ना (हिंदीत पाचू), पण जमिनीत हिरे. तिथे आठ बाय आठ मीटरचा पट्टा सरकारी हिरा कार्यालयातून वर्षभरासाठी २०० रुपयांत मिळतो. सापडलेला हिरा कार्यालयात जमा करायचा, मग लिलाव, रॉयल्टी कापून बाकीचे पैसे पट्टेदाराला.

आमच्या गाडीवाल्याने वाटेत एक खाण दाखवली. खाण कसली, खड्डाच तो. एक नवरा-बायको आणि त्यांची पोरगी. खडीला ते 'चाल' म्हणतात. ती पाण्यात तुडवून धुवायची, वाळवायची, मग जमिनीवर पसरून हाताने एकेक खडा सरकवत बघायची. तुमच्या पन्हळीवर जे चालतं तेच, फक्त बाक नाही आणि शेडही नाही. मी विचारलं, किती वर्षं करताय? बाई म्हणाली, लग्न झालं तेव्हापासून. काही मिळालं का? एक, छोटा, सासऱ्यांच्या काळात.

माझी बारा वर्षांची पुतणी तिच्या पोरीशेजारी उकिडवी बसली आणि अर्धा तास दोघी मिळून खडे सरकवत होत्या. पोरीचा हात इतका भराभर चालायचा की पुतणीला डोळ्यांनी गाठता येईना. वाघ दिसला नाही.

पुणेरी_आजोबा

परदेशात न जाता करायचं असेल तर ऐका. नातवाला (वय ६) सुट्टीत काय करावं हा प्रश्न होता. घमेलंभर बांधकामाची वाळू आणली, त्यात रविवार पेठेतून आणलेले चाळीस-पन्नास अकीक, गारगोट्या आणि काचमणी मिसळले. गच्चीवर नळी लावली आणि सौ.ची जुनी पितळी रोवळी दिली. तीन दिवस गडी गच्चीवरून खाली आला नाही. तिसऱ्या दिवशी सोसायटीतली अकरा मुलं जमली आणि पाण्याच्या बिलावरून चेअरमनशी माझं वाजलं.

पुढे त्याला सिन्नरला गारगोटी संग्रहालयात नेलं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोटात काय काय असतं ते तिथे बघावं: स्टिल्बाइट, हिरवा अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींमधला तो मोरपंखी निळा कॅव्हनसाइट. नातू काचेला नाक लावून उभा. म्हणाला, "आजोबा, हे पण तुम्हीच वाळूत टाकलं होतं का?"

आमच्या लहानपणी सोनारआळीत झारेकरी यायचे. पेढ्यांसमोरची धूळ झाडून न्यायची, धुवायची, त्यातून सोन्याचा कण काढायचा. त्याची ओढ आम्हालाही होती, पण आई म्हणायची, "गटारात हात घालायचा नाही."

खरं_बोलतो

@पुणेरी_आजोबा, म्हणजे तुम्हीही सॉल्टेडच केलं की!

पुणेरी_आजोबा

केलं. पण पैलू पाडायचे पैसे मागितले नाहीत.

शार्लटकरीण (धागाकर्ती)

काल रात्री धागा आईंना फोनवर वाचून दाखवला. पन्न्याच्या बाईंचं ऐकून काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, "ती चाल वाळवते, ती कशावर गो? गोणपाटावर की शेणाने सारवलेल्यावर?" @नागपूरचा_भटक्या, आठवत असेल तर सांगा, त्यांना कळायचंय.

आणि ते मसुराएवढं माणिक पिशवीत नव्हतं. मी घाबरले. आईंनी सांगितलं, ते त्या परत जाताना घेऊन गेल्या होत्या. राजापूरच्या घरी तांदळाच्या डब्यात आहे. सुनेला तांदूळ निवडायला देतात तेव्हा ते त्यात ठेवतात, म्हणे, बघायला की ती नीट निवडते की नाही. माझ्या धाकट्या जावेला सहा वर्षांत ते दोनदा सापडलंय.