मदत हवी आहे: रक्तातली बीआरसीए निगेटिव्ह, आता आईच्या गाठीची एचआरडी (डीएनए दुरुस्तीतला बिघाड) तपासणी. कोणता ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) पाठवू?

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची आहे. पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं व्हायचं. दोन महिने गॅसवरच्या गोळ्या घेण्यात गेले. मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं आणि बायोप्सीत अंडाशयाचा हाय ग्रेड सिरस कॅन्सर, स्टेज ३सी. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या तीन. शेवटची गेल्या मंगळवारी झाली. सीए-१२५ (रक्तातली या कॅन्सरची खूण) नॉर्मलला आलंय.

रक्तातली बीआरसीए तपासणी (या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष शोधणारी) निगेटिव्ह आली, तेव्हा मला वाटलं जनुकांचा विषय संपला. डॉक्टर म्हणाले, रक्तात फक्त जन्मतः आलेला दोष दिसतो, गाठीत नंतर झालेला बिघाड गाठीतच शोधावा लागतो. घरी येऊन वाचत बसले. २०११ साली अमेरिकेत ४८९ रुग्णांच्या अशाच गाठींचा जनुकीय अभ्यास झाला होता. जवळपास निम्म्या गाठींमध्ये तुटलेला डीएनए बिनचूक सांधण्याची यंत्रणा बिघडलेली असावी, असं त्यातून पुढे आलं. हाच बिघाड म्हणजे एचआरडी. अशा पेशी दुरुस्तीच्या दुसऱ्या वाटेवर तगून असतात, आणि ओलापारिबसारख्या गोळ्या नेमकी तीच अडवतात. बेव्हॅसिझुमॅब या गाठीचा रक्तपुरवठा रोखणाऱ्या औषधासोबत ओलापारिब दिलेल्या पाओला-१ चाचणीत, बीआरसीएत दोष नसून एचआरडी पॉझिटिव्ह असलेल्या बायकांचा आजार मध्यमानाने २८ महिने आटोक्यात राहिला. नुसत्या बेव्हॅसिझुमॅबवर साधारण साडेसोळा. एचआरडी निगेटिव्ह असलेल्यांना मात्र त्या गोळीचा फायदा दिसला नाही. म्हणून रिपोर्टशिवाय गोळी सुरू करायला मन धजत नाही.

अडलंय ते इथे. आमच्याकडे दोन ब्लॉक आहेत, केमोआधीच्या बायोप्सीचा आणि ऑपरेशनचा. बायोप्सीचा अगदीच चिमुकला, मेणात तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे. ऑपरेशनचे मोठे आहेत, पण ते तीन केमोनंतरचे. आईला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या पोटातलं अजून जपून ठेवलंय होय त्यांनी? मग त्यालाच विचारा काय औषध हवंय ते."

यातून कोणी गेलंय का? नमुना एकदाच जावा असं वाटतं. गोळी केमो संपल्यावर फार लांबवता येत नाही म्हणतात.

प्रतिसाद १:
ताई, माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही मोठा म्हणून ऑपरेशनचा ब्लॉक पाठवला. तीन आठवड्यांनी 'नमुना अपुरा' असा रिपोर्ट. केमोने गाठीच्या पेशी मरून नुसते व्रण उरले होते. आकारावर जाऊ नका. पॅथॉलॉजिस्टना दोन्हींच्या स्लाइड बघून कशात गाठीच्या पेशींचं प्रमाण जास्त आहे ते विचारा आणि ते लॅबच्या फॉर्मवर लिहून घ्या. बायोप्सीचाच पाठवायचा ठरला, तर त्यातून दुसऱ्या कुठल्या तपासणीसाठी आधी काप काढू देऊ नका. आणि गाठीतल्या बीआरसीएचा निकाल त्याच रिपोर्टमध्ये मिळतो का, तेही विचारा. आमच्या बहिणीचा दोष तिथेच सापडला, रक्तात नव्हता. दीड वर्ष झालं, गोळी चालू आहे. हिमोग्लोबिन मधेमधे उतरतं, तेवढं सांभाळावं लागतं.

धागाकर्ती:
खूप आभार. मी उद्या ऑपरेशनचाच ब्लॉक कुरियर करणार होते. आता सकाळी दोन्ही नंबर घेऊन आधी पॅथॉलॉजीत जाते.